३१ डॉलरचा सैनिक आणि ६,२०० ची बंदूक

पत्र असं आलंय, थोडं कापून देतोय:

"काका, मी कोल्हापूरचा, वय ३७, घरूनच काम करतो. लहानपणी माझ्याकडे फनस्कूल कंपनीचे जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातले सैनिक होते, मोजून नऊ. मी बारावीला असताना आईनं माळा साफ केला आणि बुटाच्या खोक्यासकट ते सगळे इचलकरंजीला आत्याच्या मुलाला देऊन टाकले. गेलं वर्षभर ते परत गोळा करायचं वेड लागलंय. मागच्या महिन्यात एका व्हॉट्सअॅप ग्रुपच्या ऑक्शनमध्ये 'कम्प्लीट' म्हणून लिहिलेला एक पीस ६,२०० ला जिंकला, आल्यावर कळलं की त्याची बंदूक रिप्रो, म्हणजे नंतर कुणी काढलेली नक्कल आहे. विकणारा म्हणतो मी कम्प्लीट म्हणालो होतो, ओरिजिनल कुठे म्हणालो. आता ईबेवर एक कार्डेड, म्हणजे मूळ कार्डावरच्या पॅकमधला, फनस्कूल दिसलाय, अमेरिकेतला सेलर, लिहिलंय 'रेअर इंडिया', सध्या ३१ डॉलरवर आहे, शिपिंग २८, रविवारी संपतंय. याआधी तीनदा शेवटच्या दहा सेकंदात कुणीतरी माझ्यावर बोली टाकून नेलंय. माझं बजेट सगळं मिळून ६,०००. हा कसा जिंकू? आणि एक, बायकोला मी त्या ६,२०० च्या पीसचे ८०० सांगितलेत. - रात्रीचा बोलीवाला"

अरे बोलीवाल्या,

तू विचारलंस कसा जिंकू. मी आधी हिशोब करतो, मग तूच सांग जिंकायचाय का.

३१ अधिक २८ म्हणजे ५९ डॉलर. डॉलर नव्वदच्या घरात धरला तर ५,३१० रुपये. क्रेडिट कार्डवर परदेशी चलनाचा मार्कअप साधारण साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर जीएसटी, म्हणजे अजून सव्वादोनशेच्या आसपास. आता कस्टम्स. ड्युटी नुसत्या बोलीच्या रकमेवर बसत नाही, शिपिंग धरून बसते, हे बहुतेकांना पार्सल दारात आल्यावर पोस्टमनकडून कळतं. खेळण्यांवरची मूळ ड्युटी २०२० च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या पार्सलचं कलम वेगळं असतं आणि त्याचा दर बजेटमध्ये बदलत राहतो, त्यामुळे बोली लावायच्या आधल्या दिवशी कस्टम्सच्या साइटवर बघायचंच, पण मी स्वतः डोक्यात निम्मं धरून चालतो, म्हणजे २,६५५. कमी लागलं तर त्या पैशात मिसळ खायची. सगळं मिळून आजच्या आज, एकही बोली न वाढता, ८,२०० च्या आसपास. तुझं बजेट ६,०००.

उलटा हिशोब केला तर ६,००० मधून मार्कअप, ड्युटी आणि शिपिंग काढल्यावर बोलीसाठी उरतात जेमतेम १५ डॉलर. तू अजून पहिली बोली टाकली नाहीयेस आणि भाव तुझ्या दुप्पट पुढे गेलाय. त्यामुळे रविवारचं उत्तर माझ्याकडून एका शब्दात, सोड. बाकीचं पत्र पुढच्यासाठी वाच, कारण तू थांबणार नाहीस हे मला माहितीये, मी पण थांबलो नव्हतो.

आणि हो, सेलर म्हणेल की पार्सलवर 'गिफ्ट' लिहितो, काळजी करू नको. त्याला प्रेमानं नाही म्हण. २०१९ च्या डिसेंबरपासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून वस्तू बाहेरून मागवायची सवलत बंदच झालीये, आणि विकत घेतलेल्या मालावर भेट लिहिणं हे खोटं डिक्लेरेशन आहे ते वेगळंच. पार्सल अडकलं तर अमेरिकेतल्या सेलरला काही फरक पडत नाही, फेऱ्या तुला मारायच्या आहेत.

आता ते 'रेअर इंडिया'. हे दोन शब्द वाचून तुझं हृदय धडधडलं असणार, स्वाभाविक आहे, पण जरा इतिहास बघ. फनस्कूल १९८७ चं, एमआरएफ आणि हॅस्ब्रोचं एकत्र काढलेलं, गोव्यात आपल्या शेजारीच कारखाना. हॅस्ब्रोचे पावणेचार इंचाचे सैनिक अमेरिकेत १९८२ ला आले आणि तिकडे ती मूळ मालिका १९९४ ला आटोपली, पण आपल्याकडे तेच साचे वेगळ्या रंगात, वेगळ्या कार्डावर नंतरही चालू राहिले. त्यामुळे झालं असं की २००० च्या आगेमागे अमेरिकेतल्या हौशी लोकांना कळलं की भारतात अजून नवे कोरे जो मिळतात, आणि त्यांनी पेट्याच्या पेट्या मागवल्या. म्हणजे जो माल आज तिकडून 'रेअर' म्हणून आपल्याला विकला जातोय तो आपणच एकेकाळी होलसेलमध्ये तिकडे पाठवलेला. काही फनस्कूल पीस खरंच दुर्मिळ आहेत, त्यात वाद नाही, पण कार्डेड आहे आणि इंडिया लिहिलंय एवढ्यावर नाही. आपल्याकडे कार्डेड का मिळत नाहीत? कारण आपण पोरं ते दुकानाच्या पायरीवरच फाडायचो. तिकडे कपाटात राहिले. तुला जो दुर्मिळ वाटतो तो कदाचित कोल्हापुरात दुर्मिळ असेल, ओहायोमध्ये नसेल.

हे तपासायची पद्धत सोपी आहे आणि फुकट आहे. ईबेवर सर्च केल्यावर फिल्टरमध्ये 'सोल्ड आयटम्स' असतं, ते लाव. गेल्या तीनेक महिन्यांत तोच पीस किती वेळा विकला गेला आणि कितीला, ते दिसतं. लोक जे चालू लिस्टिंगचे भाव बघतात ना, १२० डॉलर, २०० डॉलर, ते सेलरचं स्वप्न असतं, भाव नसतो, मी पण उद्या माझा जुना मिक्सर एक लाखाला लावू शकतो. सोल्डमध्ये एखाद्या आकड्यावर रेघ मारलेली दिसली तर तो सौदा ऑफर घेऊन खाली तुटलाय, खरा आकडा त्याहून कमी, तो धरू नको. आणि तीन महिन्यांत तोच पीस सहा वेळा विकला गेलेला दिसला तर मग झोप शांतपणे, सातवा येतोय.

आता तुझं खरं दुःख, शेवटचे दहा सेकंद. तुला वाटतंय कुणीतरी तुझ्यापेक्षा चपळ आहे. चपळाईचा प्रश्न नाहीये रे. ईबेवर तू आकडा टाकतोस ती तुझी बोली नसते, तुझी कमाल मर्यादा असते, आणि सिस्टिम तुझ्या वतीनं लागेल तेवढीच वाढवत जाते. समज तू ६० डॉलर टाकलेस आणि दुसऱ्याची कमाल ४१ आहे, तर तुला पडतो ४२ ला, कारण त्या पट्ट्यात एक डॉलरची पायरी आहे. ६० कुणालाच दिसत नाहीत. मग दहा सेकंद आधी कुणी ५५ टाकले तरी पीस तुझाच, फक्त ५६ ला. तू तीनदा हरलास याचा अर्थ तू तुझा खरा आकडा टाकलाच नव्हतास, तू पुढच्याहून एक पायरी वर असा चढत गेलास, गावच्या जत्रेत मानाच्या नारळाचा लिलाव चालतो तसा. तिथे कसं असतं, समोरचा पाटलाचा पोरगा ११,००० म्हणाला की आपल्याला १२,००० म्हणायचंच असतं, नारळाची किंमत कुणी काढतच नाही, आणि तिथे ते बरोबर पण आहे कारण पैसा देवळाला जातो. इथे जात नाही.

त्यामुळे माझी रीत सांगतो. दिवसा, जेवण झालेलं असताना, वही घेऊन बसायचं. सोल्डचे भाव बघायचे, वरच्यासारखा सगळा हिशोब करायचा, आणि जो आकडा येईल तो लिहायचा. मग स्वतःला विचारायचं की हा पीस याहून एक डॉलर जास्तीला गेला तर मला वाईट वाटेल का. वाटलं तर तो डॉलर घाल. नाही वाटणार अशा जागी आलास की थांब, तो तुझा आकडा. मी शेवटी चिल्लर पण लावतो, ४७ ऐवजी ४७.६३, कारण बहुतेक लोक गोल आकडे टाकतात आणि पैशांवरून पीस सुटल्याचं दुःख दुसऱ्याला होऊ दे.

हा आकडा टाकायचा मात्र अगदी शेवटी, मिनिटभर राहिलेलं असताना. चार दिवस आधी टाकलास तर तू नुसती गर्दी गोळा करतोस, कुणीतरी रिकामटेकडा दर तासाला एकेक डॉलर टोचून बघतो तुझी मर्यादा कुठेय ते. शेवटी बोली टाकणं ईबेच्या नियमात बसतं, त्यात लबाडी नाही, तुला ज्यांनी हरवलं त्यांनी तेच केलं. वेळ मात्र नीट बघ, तिथलं घड्याळ पॅसिफिक टाइमचं. तिकडचे रविवारी संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेसात. म्हणजे गॅसवर दूध आणि हातात मोबाईल. आमच्याकडे दोन वेळा दूध ऊतू गेलंय आणि पीस पण गेलाय.

हरलास तर पुढे एक गंमत होऊ शकते. दोन दिवसांनी मेसेज येतो, जिंकणाऱ्यानं पैसे भरले नाहीत, तुझ्या शेवटच्या बोलीला घेतोस का, 'सेकंड चान्स ऑफर'. हा प्रकार खरा आहे, खऱ्या कारणानं पण येतो. पण दोन गोष्टी बघ. तो ईबेच्या आतल्या मेसेजमध्ये आलाय का, की नुसत्या ईमेलवर येऊन बँकेत पैसे टाक म्हणतोय, दुसरं असेल तर तो चोर. आणि आतून आलेला असला तरी बोलींचा इतिहास उघडून बघ, तुला हरवणारा जर फक्त याच सेलरच्या मालावर बोली लावत फिरत असेल तर तो सेलरचाच मेव्हणा असायची दाट शक्यता आहे, भाव चढवायला बसवलेला, चुकून स्वतःच जिंकून बसलेला, आणि आता तुला तुझ्याच कमाल आकड्याला माल देतायत. याला शिल बिडिंग म्हणतात. ईबेवर बंदी आहे त्याला, पण बंदी काय, आपल्याकडे प्लास्टिक पिशव्यांवर पण आहे.

आता व्हॉट्सअॅप ग्रुप. 'एसबी ५००, एमआय ५०, एंड १० पीएम, लास्ट बिडनंतर ५ मिनिटं', म्हणजे सुरुवातीची बोली ५००, वाढ किमान ५० ची, असा मेसेज पडला की पोरं जेवण सोडून बसतात. इथे कमाल मर्यादेची सोय नाही, प्रत्येक बोली उघडी, आणि शेवटच्या बोलीनंतर वेळ वाढत राहतो म्हणून शेवटी टाकण्याचा डावही चालत नाही. हे आपल्या कांद्याच्या लिलावासारखं, फक्त तिथे व्यापाऱ्याचा चेहरा तरी दिसतो. इथे समोर बोली लावणारा नंबर कुणाचा आहे हे तुला कळायला मार्ग नाही. त्यामुळे ग्रुपवर मी एकदाच बोलतो. मनातला आकडा दुपारी ठरवायचा, ऑक्शन तिथवर आलं तर एकदा टाकायचा, वर गेलं की म्यूट. जिंकून मागे फिरायचं मात्र नाही, बॅक आउट करणाऱ्याचं नाव दोन दिवसांत सगळ्या ग्रुपवर फिरतं, आणि ते योग्यच आहे.

तुझ्या बंदुकीकडे येतो. विकणारा बनेल आहे, पण तो जे म्हणतोय ते मला मान्य करावं लागेल, 'कम्प्लीट' म्हणजे सगळ्या वस्तू आहेत एवढंच. त्या कुठल्या वर्षीच्या, कुणी बनवलेल्या, हे त्यात येत नाही. तरी मी असतो तर त्याला शांतपणे लिहिलं असतं की रिप्रो आहे हे तू सांगितलं नव्हतंस, खऱ्या बंदुकीसकट आणि बंदुकीशिवाय या भावातला फरक एवढा आहे, निम्मा परत कर. ऑक्शनच्या पोस्टचा स्क्रीनशॉट जोडून, अॅडमिनला मध्ये घेऊन. बरेच जण देतात, नावाला घाबरून. पैसे घेऊन मालच पाठवला नाही किंवा भलताच पाठवला असं झालं तर मात्र चर्चा नको, १९३० ला फोन, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर तितकं बरं, कारण यूपीआयनं गेलेले पैसे आपण आपल्या हातानं पाठवलेले असतात, ते क्रेडिट कार्डासारखे वाद घालून परत मागता येत नाहीत.

पुढच्या वेळी बोलीच्या आधी ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारायचं, प्रायव्हेटमध्ये नाही: प्रत्येक अॅक्सेसरी ओरिजिनल आहे का, याच फिगरची आहे का, काही चिकटवलंय का, रंगवलंय का. सरळ माणूस सरळ उत्तर देतो. 'भाऊ फोटो बघून घ्या' असं उत्तर आलं की तेच उत्तर समज.

आणि फोटो बघायचेच. लूज, म्हणजे पॅकशिवायच्या सुट्या फिगरचा मी आधी अंगठा बघतो. जाड बंदूक त्या बारक्या मुठीत कोंबून कोंबून अंगठे तुटतात, आणि सेलर बरोब्बर हात पाठीमागे असलेला फोटो टाकतो. मग दोन पायांच्या मधला भाग, तिथे तुटका असेल तर संपलं. मग कोपर, रिव्हेटच्या बाजूनं चीर गेलेली असते. पाठीवरचा स्क्रू गंजलाय का. पांढरं प्लास्टिक पिवळं पडलंय का. रंग नाकावर, बेल्टवर, बुटाच्या टोकावर आधी उडतो. गमतीचा भाग म्हणजे १९८२ चा स्नेक आइज, तो सगळा काळा, रंगाचा खर्च वाचवायला कंपनीनं त्याला रंगच दिला नाही आणि तोच सगळ्यांचा लाडका झाला, पण म्हणूनच त्याची झीज फोटोत कळत नाही, तिरप्या उजेडातला फोटो मागावा लागतो.

कंबर सैल आहे असं लिहिलं असेल तर? खूश हो. आत एक रबराची ओ-रिंग असते, वरचं आणि खालचं धड तीच धरून ठेवते, आणि वीस-तीस वर्षांनी ते रबर वाळतंच. ती बदलणं म्हणजे पाठीवरचा एक स्क्रू काढायचा, दहा मिनिटांचं काम, रिंग किरकोळ पैशात मिळते. पण नवखे लोक 'लूज वेस्ट' वाचून पळतात आणि भाव पडतो. म्हणजे तुटका अंगठा असलेला चकचकीत पीस सोडायचा आणि कमरेत ढिला झालेला धुळकट पीस घ्यायचा, हे मला कळायला चार वर्षं आणि बरेच पैसे लागले. मी घेतलेला पहिला महागडा पीस घरी आला, मी कौतुकानं लेकीला दाखवायला त्याला बसवायला गेलो, टक् असा आवाज आला, आणि जेवणाच्या टेबलावर पाय वरणाच्या वाटीपाशी आणि धड माझ्या हातात. लेक म्हणाली बाबा, सात हजार ना? तेव्हापासून आमच्या घरी 'सात हजार ना' ही म्हणच झालीये.

रिप्रो बंदूक ओळखायची तर साधी गोष्ट, जुनी वस्तू साच्यात दाबून तिच्यावरून नवी काढली की ती थोडी आक्रसते. खरीच्या शेजारी ठेवली तर नकली केसभर बुटकी, बारीक रेषा बुजलेल्या, जोडाच्या कडेला पापुद्रा राहिलेला, चकाकी जास्त. शेजारी ठेवायला खरी नसेल तर मोजपट्टीसकट फोटो मागायचा आणि ज्याच्याकडे खरी आहे अशा कुणाला मोजायला सांगायचं. हल्ली तर अख्खे सैनिक नव्यानं बनवतात, बूटलेग, दिसायला झकास, आणि प्रामाणिकपणे बूटलेग म्हणून विकत असतील तर माझा काही आक्षेप नाही, माझ्या टेबलावर पण एक आहे.

कार्डेडचं दुखणं वेगळं. फिगर खरी, कार्ड खरं, पण कार्डावरचा पारदर्शक प्लास्टिकचा बुडबुडा उघडून परत चिकटवलेला. बुडबुड्याच्या कडेनं फिर, फोटो मोठा करून. कारखान्यातली कड सपाट आणि सारखी असते. परत चिकटवलेल्याला कुठेतरी गोंदाची चमक, कुठेतरी कार्डाचे धागे उपटलेले. बुडबुडा पिवळा आणि कार्ड मात्र कालच छापल्यासारखं पांढरंशुभ्र असेल तर दोघांचं वय जुळत नाहीये. कार्डच नकली छापलेलं असेल तर हातात आल्यावर भिंगातून बघ, जुन्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नीट नक्षी दिसते, घरच्या प्रिंटरच्या छपाईत शाईचा फवारा. पण हे सगळं माल हातात आल्यावरचं, म्हणून आधी दोन फोटो मागून घेत जा. एक, आजची तारीख आणि तुझं नाव लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून. दोन, मागच्या बाजूचा. चोरलेल्या फोटोवर विकणारा पहिल्या फोटोलाच गायब होतो, आणि मूळ फोटो इमेज सर्चमध्ये टाकलास तर बऱ्याचदा सापडतो पण, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी विकलेला.

परदेशातून घ्यायचंच असेल तर मराठी माणसाकडे एक जुना मार्ग आहे, न्यू जर्सीचा मावसभाऊ. तिकडच्या तिकडे शिपिंग पाच-सात डॉलर, आणि तो सुट्टीला येताना बॅगेत घेऊन येतो, बॅगेजचे नियम त्यालाही लागू आहेत तेवढं बघून. पण यात एक खाच आहे जी लोकांना कळत नाही. ईबेची पैसे परतीची हमी डिलिव्हरीपासून साधारण ३० दिवस, आणि माल त्या पत्त्यावरून पुढे दुसरीकडे पाठवला की संपली. तू दिवाळीत खोकं उघडून ओरडशील तेव्हा तीन महिने झालेले असतील. त्यामुळे भावाला सांगायचं की आल्या दिवशी उघड, उघडताना सलग व्हिडिओ काढ, न कापता, आणि मला पाठव. इथल्या सेलरबाबत पण तेच, आपल्याकडचे बरेच सेलर तर अनबॉक्सिंग व्हिडिओशिवाय तक्रार ऐकतच नाहीत. भावाला बदल्यात भाकरवडी द्यावी लागते, तो खर्च हिशोबात धर.

पूर्वी आपलं स्वतःचं ईबे डॉट इन होतं, २००४ ला बाझी ही इथली लिलावाची साइट विकत घेऊन सुरू झालेलं, रुपयात बोली, कस्टम्सचा प्रश्न नाही, मी तिथे ९० रुपयांत एक फनस्कूल घेतलाय, आज सांगितलं तर पोरं हसतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते बंद झालं आणि सगळे ग्रुपवर गेले. असो, म्हाताऱ्याच्या आठवणी.

आता बायको. यात मी लांबण लावणार नाही. तू ६,२०० चे ८०० सांगितलेस, ठीक आहे, आता कल्पना कर की रविवारी तुझा मेव्हणा पोराला घेऊन येतो, पोरगं रडतं, आणि ती अगदी चांगल्या मनानं कपाटातून तुझा सैनिक काढून त्याच्या हातात देते, घे रे बाळा, आठशेचा तर आहे. तू काय म्हणणार? आज रात्रीच खरा आकडा सांग. ओरडा बसेल, बसू दे. आणि महिन्याचा एक आकडा दोघांनी मिळून ठरवा. माझ्या बायकोनं माझ्यासाठी २,००० ठरवले तेव्हा मला अपमान वाटला होता, पण त्यानंतर मी सहा-सहा महिने साठवून एकच पीस घ्यायला लागलो आणि तेच पीस आज कपाटात पुढच्या रांगेत आहेत.

शेवटी एक राहिलंच. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नऊ सैनिक, बुटाचं खोकं, इचलकरंजी, आत्याचा मुलगा. वर्षभर तू अमेरिकेतल्या लोकांशी पहाटे भांडतोयस, आणि त्या आतेभावाला एक फोन केल्याचं पत्रात कुठेच नाहीये. तो तेव्हा किती वर्षांचा होता, खेळला का नुसतेच ठेवले, घर बदललं का, खोकं कुणाच्या माळ्यावर आहे, विचार ना. कोल्हापूरहून इचलकरंजी तासाभराची वाट, कस्टम्स नाही, बोली नाही. दोनच जरी सापडले तरी तुझ्या स्वतःच्या दाताच्या खुणा असलेले असतील, ते कुठल्या ऑक्शनला येणार आहेत?

आणि सापडले तर आनंदाच्या भरात त्यांना बसवायला जाऊ नको. आधी ओ-रिंग बदल.

- काका